जमादाराचा नमस्कार

सिंधूताईंनी कुत्रं सांभाळायला दिलं, तेव्हा भालचंद्ररावांना नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हणणं हा प्रकार धर्माधिकाऱ्यांच्या घराण्यात कोणाला जमलेला नव्हता, आणि भालचंद्ररावांना तर अजिबातच नाही. देऊळगावराजाच्या नगरपालिकेत ते जन्ममृत्यूच्या नोंदी करत. म्हणजे घरात कोणी आलं किंवा घरातून कोणी गेलं, तरच लोकांना त्यांची गरज पडे. आणि अशा वेळी माणूस आनंदात किंवा दुःखात बुडालेला असल्यामुळे समोर बसलेल्या कारकुनाचा चेहरा त्याच्या लक्षात राहत नसे. ज्याची सगळी पोरं त्यांनी स्वतःच्या हातानं कागदावर आणली होती, अशा एका गृहस्थानं त्यांना भर बाजारात "तुम्ही पोस्टातले ना?" असं विचारलं होतं. तेव्हासुद्धा भालचंद्रराव नाही म्हणाले नाहीत. उलट मनिऑर्डरी हल्ली उशिरा येतात, ही त्याची तक्रार त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतली.

सिंधूताई शेजारच्या. मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, मूलबाळ नसलेल्या, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेल्या. जालन्याला भाऊ होता, त्यानं डॉक्टर ठरवला होता. प्रश्न फक्त जमादाराचा होता. जमादार म्हणजे त्यांचा तांबूस कुत्रा. एक कान उभा, एक पडलेला. गल्लीत शिरणाऱ्या प्रत्येकाची तो भुंकून अशी काही विचारपूस करायचा, की पोस्टमनसुद्धा आधी पिशवी दाखवून मग पुढे सरकायचा.

"सकाळ-संध्याकाळ ताकात भाकर कुस्करून द्या," सिंधूताई म्हणाल्या. "दुसरं काही देऊ नका. गोड-तळलेलं तर मुळीच नाही. त्याचं पोट लई नाजूक आहे."

"तुम्ही निश्चिंत जा," भालचंद्रराव म्हणाले.

सिंधूताई निश्चिंत गेल्या. पितृपक्ष संपत आला होता.

सर्वपित्रीला भालचंद्ररावांच्या वडिलांचं, अनंतरावांचं श्राद्ध असे. त्या दिवशी घरभर खिरीचा आणि वड्यांचा वास, आणि अंगणात जमादारापुढे ताकातली भाकरी. जमादारानं भाकरीकडे पाहिलं, स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि मग भालचंद्ररावांकडे पाहिलं. आपल्याकडे कोणी काही मागतंय आणि ते आपल्याला देता येण्यासारखं आहे, असा योग त्यांच्या वाट्याला फार कमी आला होता. त्यांनी वाडगाभर खीर दिली. वरून वडे दिले, भजी दिली, आणि पंगतीत उरलेली कढीही ओतली. जमादारानं वाडगा चाटून चाटून अंगणाच्या दुसऱ्या टोकापर्यंत नेला. भालचंद्ररावांना इतकं बरं वाटलं, की वडिलांच्या फोटोसमोर उभं राहून त्यांनी ते मनातल्या मनात वडिलांना सांगितलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी घटस्थापना. भालचंद्रराव तांब्या घेऊन अंगणात आले तर जमादार पुढचे दोन्ही पाय लांब पसरून, छाती जमिनीला टेकवून, मागचा भाग वर करून तसाच स्थिर राहिला होता. बऱ्याच वेळानं तो उठला, दोन पावलं चालला आणि पुन्हा तसाच वाकला.

"आळस देत असेल," त्यांच्या पत्नी शकुंतलाबाई दारातून म्हणाल्या. मग नीट पाहून म्हणाल्या, "नाहीतर पोट दुखत असेल. काल खीर ओतलीत ना त्याला?"

"पोट दुखलं असतं तर ओरडला नसता का?" भालचंद्रराव म्हणाले. कुत्र्यांविषयी त्यांचं ज्ञान इथेच सुरू होऊन इथेच संपत होतं.

तेवढ्यात पलीकडच्या भिंतीवरून हिंमतराव डोकावले. हिंमतरावांचं किराण्याचं दुकान होतं, पण गल्लीत त्यांचा खरा व्यवसाय सल्ला हा होता. त्यांनी जमादाराकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"भालचंद्रराव, हा तर नमस्कार करून राह्यला."

"काहीतरीच."

"दिशा पाहा ना. बालाजीच्या देवळाकडं तोंड हाय त्याचं."

दिशा बरोबर होती. अंगणाच्या एका बाजूला न्हाणी, दुसऱ्या बाजूला सरपण आणि तिसऱ्या बाजूला खुद्द हिंमतरावांची भिंत असल्यामुळे जमादाराला लांब व्हायला ती एकच दिशा मोकळी होती, हा भाग वेगळा.

"अन् काल अनंतरावांचं श्राद्ध झालं," हिंमतराव म्हणाले. "अनंतराव असेच वाकत होते. शेवटच्या हिवाळ्यात तर देवापुढून उठतच नव्हते. आम्ही घरच्याईले सांगायचो, पाहा, भक्ती कशी असते ते."

भालचंद्ररावांच्या अंगावर काटा आला. त्यांनी नाही म्हणायला हवं होतं, ते इथे.

दुपारपर्यंत गल्लीला कळलं आणि संध्याकाळपर्यंत गावाला. नवरात्र सुरू, पुढे बालाजीची यात्रा तोंडावर. देवळाकडे जाणारी माणसं वाट वाकडी करून गल्लीत येऊ लागली. मोकळ्या हातानं कोण येणार? कोणी पेढे आणले, कोणी खोबरं, कोणी खडीसाखर. समोरच्या बेबीताईंनी केळ्याची शिकरण आणली. जमादार झाला तरी कुत्राच, पुढ्यात आलेला पेढा त्यानं खाल्ला. पेढा खाल्ला की थोड्या वेळानं तो वाकायचा. वाकला की लोक हात जोडून आणखी एक पेढा ठेवायचे.

भालचंद्रराव ओट्यावर खुर्ची टाकून बसू लागले. लग्नातला कोट बाहेर निघाला. लोक त्यांना वडिलांविषयी विचारत, आणि ते सांगत. वडील पहाटे उठत, दूध-साखरेचा नैवेद्य करत, त्यांचा आवाज कसा होता, त्यांचा हात कसा होता. नगरपालिकेत मुख्याधिकाऱ्यांनी "बसा ना, भालचंद्रराव" म्हणून खुर्ची पुढे केली. इतकी वर्षं ते कार्यालयात नुसते 'जन्ममृत्यू' होते. 'जन्ममृत्यूला बोलवा,' 'जन्ममृत्यू आज रजेवर आहे,' असंच सगळे म्हणत.

इकडे जमादाराची लक्षणं वाढत चालली होती आणि प्रत्येक लक्षणाला हिंमतरावांकडे अर्थ तयार होता. जमादार अंगणाच्या कडेचं गवत ओरबाडून खाऊ लागला, तर त्या दूर्वा ठरल्या. त्यानं भाकरीला तोंड लावलं नाही, तर त्यानं नवरात्र धरलं. त्याच्या पोटातून गुडगुड असा आवाज ओट्यापर्यंत ऐकू येऊ लागला, तेव्हा आत जप चालल्याचं निष्पन्न झालं. तो सारखे ओठ चाटायचा, लाळ गाळायचा, ते नामस्मरण. बेबीताईंच्या रांगोळीवर त्यानं ओकारी केली, त्याचा अर्थ लागायला थोडा वेळ लागला, पण बेबीताईंचीच रांगोळी चुकली होती असं शेवटी ठरलं. जुलाबांचा अर्थ मात्र कोणालाच लावता आला नाही. म्हणून भालचंद्रराव माणसं यायच्या आत अंगण पाण्यानं धुऊन टाकत, आणि त्यावर कोणी बोलत नसे.

शकुंतलाबाई बोलल्या. "अहो, त्याचं पोट बिघडलंय. डोळे पाहा त्याचे."

"लोकांसमोर असं बोलू नकोस."

"लोक आत्ता कुठे आहेत?"

लोक नव्हते. दुपारची वेळ होती, गल्ली निजली होती. भालचंद्रराव खाली बसले आणि त्यांनी जमादाराच्या पोटावर हात ठेवला. पोट फळीसारखं ताठ होतं. हात लागताच जमादारानं अंग चोरलं आणि मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. हा नमस्कार नाही, हे भालचंद्ररावांना त्या क्षणी कळलं. पुढे त्यांनी स्वतःशी बरीच हुज्जत घातली. आपल्याला तेव्हा नक्की कळलं नव्हतं, नुसती शंका आली होती, असं स्वतःला पटवायचा प्रयत्न केला. ते जमलं नाही.

पण दुसऱ्या दिवशी पंचमी होती आणि नगराध्यक्ष सपत्नीक दर्शनाला येणार होते. तसा निरोप आला होता. एकच दिवस, भालचंद्रराव मनात म्हणाले. उद्याचं पार पडलं की दवाखाना.

तोपर्यंत रिकामं बसायला नको म्हणून ते हिंमतरावांना "जरासं पोट बिघडल्यासारखं वाटतंय त्याचं" एवढंच म्हणाले, आणि उपायांची झुंबड उडाली. हिंमतरावांनी दुकानातून ओवा आणि हिंग पाठवला. त्यांच्या आईनं एरंडेल सांगितलं. कोणी सुंठ-गूळ म्हणालं. बेबीताईंचं मत दृष्ट लागल्याचं पडलं. त्यांनी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, आणि त्या ठसक्यानं जमादारासकट सगळी गल्ली शिंकत बसली. भालचंद्ररावांना कोणालाही नाही म्हणता येत नसल्यामुळे ओवा, हिंग, सुंठ आणि एरंडेल या सगळ्यांनी जमादाराच्या पोटात एकदमच प्रवेश केला.

पंचमीला नगराध्यक्ष आले. पांढरेशुभ्र कपडे, मागे चारसहा माणसं, आणि पत्नीच्या हातात चांदीच्या ताटलीत पेढे. जमादार पडून होता. त्यानं भुंकूनही पाहिलं नाही. बाईंनी पेढा त्याच्या नाकाशी धरला, त्यानं तोंड फिरवलं.

"होईल आत्ता," भालचंद्रराव म्हणाले. "जमादार, ऊठ बाळ. नमस्कार कर."

जमादारानं ऐकलं. तो ज्या तऱ्हेनं उठला, ते भालचंद्ररावांना पुढे कधीच विसरता आलं नाही. पाय थरथरत होते तरी तो उठला, पुढचे पाय पसरून वाकला, आणि वाकल्या वाकल्याच त्यानं नगराध्यक्षांच्या वहाणांवर ओकारी केली. त्यात रक्ताचे धागे होते. मग तो कुशीवर कोसळला.

"आजारी दिसतोय," नगराध्यक्ष म्हणाले. वहाणा धुतल्या गेल्या आणि मंडळी निघून गेली. हिंमतराव भिंतीपलीकडून म्हणाले, "मी तर आधीपासूनच सांगून राह्यलो होतो." काय सांगत होते, ते विचारायला भालचंद्ररावांना सवड नव्हती.

अंगातला कोट न काढताच त्यांनी जमादाराला उचललं आणि गुरांच्या दवाखान्यात नेलं. जिल्हा परिषद नवीनच झाली होती; दवाखान्यावरची पाटी बदलून झाली होती, आतलं बदलायचं राहिलं होतं. डॉक्टर गुरांना घटसर्पाच्या लसी टोचायला सिंदखेडराजाला गेले होते. कचरू नावाचा शिपाई होता, त्यानं वही उघडली.

"जनावर कोणतं?"

"दिसत नाही का? कुत्रा."

"कुत्र्याचा रकाना नाही साहेब. बैल हाय, गाय हाय, म्हैस, शेळी, मेंढी. वासरू लिहू का? पण मंग वासराचं औषध द्या लागंल. ते नळ्यानं पाजतेत. बाटलीभर."

रकाना नाही तर नोंद नाही, हे वाक्य भालचंद्ररावांनी स्वतः गावातल्या निम्म्या लोकांना ऐकवलं होतं. एका बाईला तर त्यांनी मुलाचं नाव अजून ठेवलं नाही म्हणून परत पाठवलं होतं आणि ती उन्हात पोर घेऊन चालत गेली होती. आज ते कुत्रं उराशी धरून टेबलाच्या या बाजूला उभे होते.

"सिंदखेडची गाडी कधी आहे?" त्यांनी विचारलं.

घरी शकुंतलाबाईंनी भाजीची मोठी पाटी आणली, तळाला जुनं लुगडं घातलं, आणि जमादाराला त्यात निजवून वरून त्याच लुगड्याचा पदर टाकला. गाडीत कंडक्टरनं पाटीकडे बोट दाखवलं.

"काय हाय त्यात?"

"आजारी आहे."

"कोण आजारी हाय?" म्हणत त्यानं पदर उचलला. "उतरवा. कुत्रं चालत नाही गाडीत."

तेव्हा मागच्या बाकावरची एक बाई उठून पुढे आली. "अगं बाई, हा तर नमस्कारवाला. धर्माधिकाऱ्यांचा." बघता बघता सगळ्या गाडीनं हात जोडले. कंडक्टरनं टोपी काढली, पाटीला बोटं लावून डोळ्यांना लावली आणि स्वतःची जागा दिली. भालचंद्ररावांच्या ओठांवर आलं होतं, की अहो, हा नमस्कार नाही, याचं पोट दुखतंय. पण खरं सांगितलं असतं तर गाडीतून उतरवलं असतं. म्हणून ते गप्प बसले आणि लोक पाटीत फुलं टाकत राहिले. ती फुलं ते एकेक करून जमादाराच्या तोंडाजवळून बाजूला करत होते.

सिंदखेडला शाळेच्या मैदानात लिंबाखाली बैलांची रांग लागली होती. डॉक्टर तरुण होते, बाह्या वर केलेल्या, हाताला शेण लागलेलं. त्यांनी पाटीत पाहिलं.

"हा तोच का? मीपण यात्रेत येणारच होतो बघायला."

भालचंद्ररावांनी सगळं सांगितलं. खीर, वडे, भजी, कढी, पेढे, शिकरण, ओवा, हिंग, एरंडेल. सांगताना त्यांना ते एखाद्या लग्नाच्या जेवणावळीसारखं वाटलं. डॉक्टरांनी जमादाराचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. मानेवरचं कातडं चिमटीत धरून सोडलं. ते खाली बसेना, तसंच उभं राहिलं.

"अंगात पाणी उरलं नाही," डॉक्टर म्हणाले. "ओकारी आणि जुलाब एकदम म्हणजे पहिल्याच दिवशी यायला हवं होतं. कधीपासून वाकतोय?"

"घटस्थापनेपासून. पण तो वाकतो कशाला?"

"वाकलं की पोटातली कळ थोडी सैल पडते. त्याला कोणी शिकवावं लागत नाही. फार दुखतं तेव्हाच वाकतात."

डॉक्टरांनी सुई दिली, मग कातड्याखाली पाणी चढवलं. भालचंद्रराव बाटली धरून उभे होते. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "माणसाचंही असंच असतं का?"

"मी जनावरांचा डॉक्टर आहे."

"तरीपण?"

"असणार. पोट ते पोटच."

भालचंद्ररावांचा हात खाली आला. "बाटली वर धरा," डॉक्टर म्हणाले. त्यांनी वर धरली. त्या शेवटच्या हिवाळ्यात वडील देव्हाऱ्यासमोर कपाळ टेकून पडून राहत, आणि आल्यागेल्याला भालचंद्रराव कौतुकानं खूण करून गप्प राहायला सांगत, वडिलांची तंद्री मोडू नये म्हणून. वडील कधी ओरडले नाहीत. संक्रांतीच्या सुमाराला एकाएकी गेले, आणि मृत्यूचं कारण म्हणून भालचंद्ररावांनी आपल्या वळणदार अक्षरात 'वार्धक्य' असं लिहिलं होतं.

जमादार वाचला. त्या रात्री काही नाही, दुसऱ्या दिवशी चमचा-चमचा पाणी, मग तांदळाची पातळ पेज, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. भालचंद्ररावांनी रजा टाकली आणि चमचा हातात घेऊन अंगणात बसले. गर्दी यायची थांबली नव्हती. आता ते प्रत्येकाला दारातच सांगत, "तो नमस्कार करत नव्हता. त्याचं पोट दुखत होतं." लोक ऐकून घेत, त्यांच्याकडे जरा रागानं बघत आणि पेढे घेऊन परत जात.

"तुम्ही काऊन सांगता हे?" हिंमतराव म्हणाले. "लोकाईले बरं वाटत होतं."

"मलाही बरं वाटत होतं," भालचंद्रराव म्हणाले. हिंमतरावांचं डोकं भिंतीआड गेलं. कार्यालयातली खुर्ची आपल्या जागी परत गेली.

सिंधूताई डोळ्याला हिरवी पट्टी बांधून जालन्याहून आल्या. जमादार धावला नाही. चालत गेला आणि त्यांच्या पायांवर बसला. त्यांनी वाकून त्याच्या पाठीवरून, बरगड्यांवरून हात फिरवला.

"वाळला," त्या म्हणाल्या.

भालचंद्ररावांनी कोट न घालता, ओट्याच्या पायरीवर उभं राहून सगळं सांगितलं. पंचमीचंही सांगितलं.

"खीर मायेनं दिली असंल तुम्ही," सिंधूताई म्हणाल्या.

"खीर मायेनंच दिली. पुढच्या पेढ्यांचं तसं नव्हतं."

सिंधूताई रागावल्या असत्या तर भालचंद्ररावांना सोपं गेलं असतं. "चल रे," एवढंच त्या जमादाराला म्हणाल्या. पुढे दुसऱ्या डोळ्यासाठी जालन्याला जाताना त्यांनी जमादाराला बेबीताईंकडे ठेवलं. "तुम्हाला ऑफिस असतं," असं त्या भालचंद्ररावांच्या दारावरून जाताना म्हणाल्या. "हो, असतं," भालचंद्रराव म्हणाले.

एकदा सकाळी भालचंद्रराव बालाजीच्या देवळात गेले होते. सभामंडपात एक म्हातारे गृहस्थ लोटांगण घालून पडले होते. परगावचे असावेत. उठेनात. येणारेजाणारे त्यांना वळसा घालून, कौतुकानं पाहून पुढे जात होते. भालचंद्रराव खांबाशी थांबले. मग त्यांना राहवलं नाही. ते जवळ गेले, खाली बसले आणि हळूच म्हणाले, "बाबा, पोट तर दुखत नाही ना?"

म्हाताऱ्यानं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "काऊन बे? नमस्कार करून राह्यलो मी."

"हो. पण दुखत नाही ना कुठे?"

म्हाताऱ्यानं हात टेकून उठायचा प्रयत्न केला. मग म्हणाला, "पोट नाही दुखत बाप्पा. गुडघे धरले. मघापासून उठताच येऊन नाही राह्यलं. हात दे जरा."

भालचंद्ररावांनी दोन्ही हात दिले.